नॅनोकणांची इम्युनोथेरपी शोधायची तर कुठली नोंदणी कामाची? दोन संकेतस्थळांचं परीक्षण

क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या औषधचाचण्यांच्या अमेरिकी नोंदणीच्या शोधचौकटीत ‘नॅनोपार्टिकल’ (अतिसूक्ष्म कण) आणि ‘इम्युनोथेरपी’ (शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कर्करोगावर सोडणारे उपचार) हे दोन शब्द इंग्रजीत टाकले की नोंदींचा ढीग समोर येतो, आणि त्यातल्या कितीतरी भलत्याच निघतात. याचं कारण नॅब-पॅक्लिटॅक्सेल. हे केमोचं औषध आहे. पॅक्लिटॅक्सेल अल्ब्युमिन या प्रथिनाला बांधून सुमारे १३० नॅनोमीटरचे कण केलेले असतात. अमेरिकेत ते २००५ पासून स्तनाच्या कर्करोगासाठी मिळतं, आपल्याकडेही सर्रास वापरलं जातं. नोंदीत त्याच्या पर्यायी नावांमध्ये ‘अल्ब्युमिन-स्टॅबिलाइज्ड नॅनोपार्टिकल’ असे शब्द असतात, आणि हल्ली ते अटेझोलिझुमॅब किंवा पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधांच्या जोडीने दिलं जातं. शोधयंत्राच्या हिशेबाने दोन्ही शब्द जुळले. प्रत्यक्षात तो कण केमो वाहतोय, आणि इम्युनोथेरपी शेजारच्या बाटलीतून जातेय.

उलट बाजूने, जे खरोखर हवं आहे ते या शब्दांनी सापडतच नाही. एनसीटी०४५०३२७८ (एनसीटीने सुरू होणारा हा नोंदीचा क्रमांक) ही बायोएनटेक कंपनीची चाचणी घ्या. क्लॉडिन-६ हे प्रथिन असलेल्या घन गाठींसाठी (म्हणजे रक्ताचा नसलेला, अवयवात गाठ करणारा कर्करोग) कार-टी पेशी, म्हणजे रुग्णाच्याच प्रतिकारपेशी काढून, गाठ ओळखतील अशा बदलून परत दिलेल्या, आणि त्या पेशी शरीरात वाढत्या राहाव्यात म्हणून वर आरएनएची लस. ही लस स्निग्ध कणांत भरून शिरेतून देतात. पण शीर्षकात ‘कार-टी’ आहे, ‘नॅनो’ कुठेच नाही. म्हणून या विषयासाठी शोधशब्दांचा गठ्ठाच हाताशी ठेवावा लागतो: ‘आरएनए-एलपीएक्स’, ‘लायपोप्लेक्स’, ‘लिपिड नॅनोपार्टिकल’, ‘निओअँटिजेन’ (गाठीतल्या जनुकबदलांतून आलेलं वेगळं प्रथिन), ‘इन्ट्राट्युमोरल’ (थेट गाठीत टोचलेलं), ‘पीएलजीए’ (कण बनवायचा एक पॉलिमर). हे शब्द एकेक करून टाकायचे, सगळे एका दमात टाकायचे नाहीत.

दुसरा घोळ नावांचा. औषध प्रयोगशाळेतून बाहेर पडतं तेव्हा त्याला कंपनीचा सांकेतिक क्रमांक असतो, दुसरी कंपनी भागीदार झाली की तिचा क्रमांक लागतो, आणि पुढे अधिकृत नाव मिळतं. मॉडर्नाचं एमआरएनए-४१५७, मर्कचं व्ही९४० आणि इन्टिस्मेरान ऑटोजीन हे एकच औषध आहे. बीएनटी१२२, आरओ७१९८४५७ आणि ऑटोजीन सेव्ह्युमेरान हेही एकच. हाफ्नियम ऑक्साइडचे कण गाठीत टोचून वर रेडिएशन देण्याचा नॅनोबायोटिक्सचा प्रकार आधी एनबीटीएक्सआर३ होता, पुढे त्याला जेएनजे-९०३०१९०० असा क्रमांक लागला. कंपनीने ‘इतर नावं’ हा रकाना नीट भरला असेल तर संकेतस्थळ जुन्या नावानेही नवी नोंद काढून देतं. नसेल भरला तर नाही. बातमीत वाचलेलं एकच नाव टाकून ‘काही चालू नाही’ असा निष्कर्ष काढणं ही इथली सगळ्यात सामान्य चूक.

एवढं सोडलं तर अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची ही नोंदणी वापरायला उत्तम आहे. २००० पासून चालू आहे, फुकट आहे, लॉगिन लागत नाही. आजार, इतर शब्द, औषध आणि ठिकाण अशा चार चौकटी. ‘घन गाठ’ म्हणजे ‘सॉलिड ट्यूमर’ हे शब्द आजाराच्या चौकटीत टाकावेत आणि शिवाय अवयवाच्या नावाने वेगळा शोध घ्यावा. पहिल्या टप्प्याच्या, म्हणजे मुख्यतः सुरक्षितता आणि डोस बघणाऱ्या, पुष्कळ चाचण्या अवयव न सांगता ‘प्रगत घन गाठी’ एवढंच लिहितात, त्यामुळे फक्त ‘स्वादुपिंडाचा कर्करोग’ शोधणाऱ्याला त्या निसटू शकतात. टप्प्याच्या गाळणीत ‘अर्ली फेज १’ आणि ‘फेज १’ या दोन्हींवर खूण हवी. ‘फेज १/फेज २’च्या नोंदी ‘फेज १’मध्येच येतात.

स्थितीचे शब्द नीट समजून घ्यावेत. ‘अॅक्टिव्ह, नॉट रिक्रूटिंग’मधला ‘अॅक्टिव्ह’ वाचून आशा धरू नये. चाचणी चालू आहे, पण दार बंद आहे. ‘अननोन’ म्हणजे चाचणी संपायची तारीख उलटून गेली आणि दोन वर्षांत कुणी नोंदीची खातरजमा केलेली नाही. ‘रिक्रूटिंग’ असलं तरी तो शब्द सगळ्या चाचणीसाठी असतो. खाली ठिकाणांच्या यादीत प्रत्येक रुग्णालयाची स्थिती वेगळी दिलेली असते, ती बघावी. नियमानुसार भरतीची स्थिती बदलल्यावर ३० दिवसांत नोंद सुधारायची असते. प्रत्यक्षात शेवटच्या सुधारणेची तारीख सहा महिने जुनी असेल तर फोन केल्याशिवाय काहीही गृहीत धरू नका. शिवाय पहिल्या टप्प्यात एका वेळी दोन-तीनच जागा उघडतात. आज जागा आहे की नाही हे कुठल्याच नोंदीत नसतं, ते तिथल्या समन्वयकालाच ठाऊक.

आता एक नोंद जवळून. एनसीटी०४७५१७८६, नेदरलँड्समधल्या नायमेगेनच्या रॅडबाउड विद्यापीठ रुग्णालयाची, नाव प्रेशस-०१. इथे शीर्षकातच ‘इम्युनोमॉड्युलेटरी नॅनोपार्टिकल्स’ आहे. कण पीएलजीएचा, म्हणजे शस्त्रक्रियेतले विरघळणारे टाके ज्या जातीच्या पॉलिमरचे असतात त्याचाच. आत दोन गोष्टी भरलेल्या: एनवाय-ईएसओ-१ या प्रथिनाचे तुकडे आणि थ्रेइटॉलसेरामाइड-६ नावाचा स्निग्ध रेणू. तुकडे प्रतिकारपेशींना ‘हे ओळखा’ म्हणून दाखवायचे आणि स्निग्ध रेणूने एनकेटी या जातीच्या प्रतिकारपेशींना डिवचून हाकाटी करायची. दोन्ही एकाच पेशीत एकाच वेळी पोचावेत यासाठी कणाचा खटाटोप. सुटे टोचले तर एक इकडे जातो, एक तिकडे.

ही नोंद वाचताना माणूस औषधाच्या वर्णनात रमतो आणि खालचे पात्रतेचे आणि निष्कर्षाचे रकाने सोडून देतो. पहिला प्रश्न असा: गाठीत एनवाय-ईएसओ-१ आहे का? नसेल तर बाकी वाचायची गरजच नाही. दुसरा प्रश्न प्राथमिक निष्कर्षाचा. या टप्प्याच्या नोंदीत त्या रकान्यात सुरक्षितता, दुष्परिणाम आणि पुढचा डोस रोखणारा त्रास याच गोष्टी असतात. गाठ लहान झाली का, हे दुय्यम रकान्यात. चाचणी कशासाठी रचली आहे हे त्या रकान्याइतकं उघडपणे कुठलंच माहितीपत्रक सांगत नाही, आणि या संकेतस्थळाला पैकीच्या पैकी गुण द्यावेसे वाटतात ते त्यासाठी.

डोस वाढवायची नेहमीची पद्धत ‘तीन अधिक तीन’. तीन जणांना सगळ्यात कमी डोस देतात. ठरावीक काळात, बहुधा तीन-चार आठवड्यांत, कुणालाच गंभीर त्रास झाला नाही तर पुढच्या तिघांना वरचा डोस. तिघांपैकी एकाला झाला तर त्याच डोसवर आणखी तीन. सहापैकी दोघांना झाला की थांबायचं आणि एक पायरी खाली यायचं. यात रुग्णाच्या बाजूने दोन गोष्टी निघतात. कुठल्या डोसच्या गटात जागा मिळेल हे निवडता येत नाही, आणि पहिल्या गटातल्या माणसाला मिळणारा डोस मुद्दाम इतका कमी ठेवलेला असतो की गुण यायची शक्यताही कमीच. ‘एक्स्पान्शन कोहोर्ट’ असे शब्द नोंदीत दिसले तर डोस ठरलाय आणि त्या डोसवर जास्त माणसं घेताहेत असं समजावं. चौकशी करताना हा शब्द उच्चारला की समोरचा नेमकं उत्तर देतो.

पात्रतेच्या यादीत इंग्रजी कळूनही लोक अडखळतात ते तीन-चार ठिकाणी.

ईकॉग (रुग्ण किती धडधाकट आहे याचा आकडा) ० किंवा १. माणूस हिंडता-फिरता हवा, हलकं किंवा बैठं काम जमायला हवं. स्वतःचं आवरतो पण काम होत नाही, तर तो २, आणि बहुतेक पहिल्या टप्प्यांत २ चालत नाही. ‘सगळं करून झालं की मग चाचणीचं बघू’ हा क्रम इथेच फसतो. चौथी-पाचवी केमो संपेपर्यंत माणूस २ वर आलेला असतो.

मोजता येणारी गाठ. रेसिस्ट १.१ या मापदंडाने सीटी स्कॅनवर किमान १० मिलिमीटर, लसिकाग्रंथी असेल तर तिचा आखूड व्यास किमान १५. पोटातलं पाणी, छातीतलं पाणी, फक्त हाडांत झिरपलेला आजार यांची मोजदाद होत नाही. मॉडर्नाच्या एमआरएनए-२७५२सारख्या चाचणीत (एनसीटी०३७३९९३१) औषध थेट गाठीत टोचतात, तेव्हा सुई सुरक्षित पोचेल अशी गाठ हवी. मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली गाठ मोजता येते, पण टोचता येत नाही.

स्टिरॉइड. प्रेडनिसोलोन रोज १० मिलिग्रॅमच्या वर असेल तर इम्युनोथेरपीच्या बहुतेक चाचण्या नाही म्हणतात, कारण ज्या पेशी जाग्या करायच्या त्यांनाच ते झोपवतं. आपल्याकडे गडबड डेक्सामेथासोनची होते. भूक लागावी, उलटी थांबावी, मेंदूची सूज उतरावी म्हणून ते चालू असतं आणि घरच्यांना ते स्टिरॉइड आहे हेच ठाऊक नसतं. ४ मिलिग्रॅमची एक गोळी जवळपास २६-२७ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनइतकी. म्हणजे मर्यादेच्या अडीच पटीहून जास्त, एका गोळीत. मात्र चाचणीसाठी म्हणून ते आपल्या मनाने बंद करू नये. मेंदूत गाठ असेल तर ते जिवावर बेतू शकतं. कमी करायचं ते डॉक्टरांनी, पायरीपायरीने.

ऊतकाचा नमुना. एनवाय-ईएसओ-१ किंवा क्लॉडिन-६ तपासायला पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला गाठीचा तुकडा, लागतो. काचपट्ट्या रुग्णालयं सहज देतात, ब्लॉकसाठी पॅथॉलॉजी विभागात लेखी अर्ज करावा लागतो. बायोप्सीचा तुकडा लहान असेल तर जनुकांच्या तपासण्यांतच तो संपलेला असतो आणि नवी बायोप्सी करावी लागते. रुग्णागणिक बनवायच्या निओअँटिजेन लसींत याहून मोठी अडचण वेळेची: नमुना पोचणं, जनुकवाचन, लस बनवणं, तिची तपासणी यात कित्येक आठवडे जातात. आजार झपाट्याने वाढत असेल तर लस तयार होईपर्यंत पात्रता निघून गेलेली असते.

रक्ताचे आकडे साधारण ठरलेले असतात: न्यूट्रोफिल १,५०० च्या वर, प्लेटलेट एक लाखाच्या वर, हिमोग्लोबिन ९ च्या आसपास किंवा वर, बिलिरुबिन कमाल मर्यादेच्या दीडपट आत. शेवटच्या केमोनंतर किती दिवस जायला हवेत हेही दिलेलं असतं, बहुधा दोन ते चार आठवडे.

आता या नोंदणीतला मोठा दोष. ‘रिझल्ट्स’चा कप्पा पहिल्या टप्प्याच्या नोंदींत बहुधा रिकामा असतो, आणि त्यात बेकायदा काहीही नाही. निकाल टाकण्याची सक्ती करणाऱ्या २००७ च्या अमेरिकी कायद्यातून शुद्ध पहिला टप्पा वगळलेला आहे. ‘फेज १/फेज २’ला सक्ती लागू होऊ शकते, कारण कायद्याच्या नजरेत तो दुसरा टप्पा. म्हणजे ज्या वाचकाला माहितीची सगळ्यात जास्त निकड, त्यालाच सगळ्यात कमी मिळते. निकाल शोधायला शोधनिबंधांकडे जावं लागतं, आणि तिथे एनसीटी क्रमांक हाच धागा. पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या सूचीत तो क्रमांक टाकला की निघाला असेल तर निबंध येतो. उदाहरणार्थ एनसीटी०२४१०७३३, लायपो-मेरिट. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या रुग्णांना चार प्रतिजनांचा (प्रतिकारपेशींनी ओळखायच्या प्रथिनांचा) आरएनए स्निग्ध कणांत भरून शिरेतून दिला, डोस ७.२ ते ४०० मायक्रोग्रॅम. ‘नेचर’मध्ये २०२० साली निघालेल्या निबंधात ८९ रुग्णांची सुरक्षितता आहे, पण गाठीवरचा परिणाम त्यातल्या ४२ जणांच्या उपगटात पाहिलाय: फक्त लस मिळालेल्या २५ पैकी तिघांची आणि पीडी-१ विरोधी औषधासह (प्रतिकारपेशींवरचा ब्रेक काढणारं औषध) लस मिळालेल्या १७ पैकी सहा जणांची गाठ ठरलेल्या मापाने आक्रसली. थंडी-ताप नेहमीचा, कारण शरीर त्या आरएनएला विषाणू समजतं, आणि तेच हवं असतं. हे सगळे रुग्ण मेलानोमाचे होते. आतड्याच्या कर्करोगासाठी या आकड्यांवरून काहीच म्हणता येत नाही. क्लॉडिन-६ वाल्या चाचणीचा २०२३ चा निबंध २२ जणांचा आहे, आणि मोजता आलेल्या २१ पैकी एक तृतीयांश जणांत प्रतिसाद दिसला. पहिल्या टप्प्याचे आकडे असेच असतात. टक्केवारी ऐकली की आधी खालची संख्या विचारावी.

रिकाम्या निकालाची थोडी भरपाई ‘रेकॉर्ड हिस्टरी’ या कप्प्यात होते. नोंदीची प्रत्येक जुनी आवृत्ती तिथे आहे आणि दोन आवृत्त्या शेजारी ठेवून फरक बघता येतो. अपेक्षित रुग्णसंख्या १०० वरून ४० वर आली का, एखादा गट गुपचूप गळाला का, ‘टर्मिनेटेड’च्या पुढे कारण काय लिहिलंय. ‘व्यावसायिक निर्णय’ असं कारण बरेचदा दिसतं. त्याचा अर्थ औषध वाईट होतं असाही नाही आणि चांगलं होतं असाही नाही.

आणखी एक सावधगिरी. नोंद असणं म्हणजे सरकारने तपासून शिक्का मारणं नव्हे, आणि संकेतस्थळ तसं स्वतःच सांगतं. पैसे घेऊन स्टेम सेल देणाऱ्या खाजगी क्लिनिकांच्या नोंदीही तिथे आढळल्या आहेत.

आपली सीटीआरआय, म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया, २० जुलै २००७ ला सुरू झाली. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची, संस्था ती चालवते. १५ जून २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंद व्हायला हवी असा नियम आला. क्रमांकातच वर्ष आणि महिना असतो. सीटीआरआय/२०२०/११/०२८९५३ म्हणजे नोव्हेंबर २०२० मधली नोंद. ही टाटा मेमोरियलची, डोकं-मान कर्करोगात निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध अवघं २० मिलिग्रॅम दर तीन आठवड्यांनी देण्याची. तोंडावाटेच्या स्वस्त औषधांना जोड दिल्यावर एक वर्ष जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं, रुग्ण १५१. यात नॅनोकण नाहीत आणि हा तिसरा टप्पा आहे, पण महाराष्ट्रातल्या वाचकाने सीटीआरआयवर इम्युनोथेरपी शोधली तर हाती लागणारा माल साधारण या जातीचा. परदेशी कंपन्यांच्या नॅनोकणांचे पहिले टप्पे इथे भरभरून मिळतील अशी अपेक्षा ठेवू नये. खारघरच्या अॅक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रात आयआयटी मुंबईच्या कार-टीची चाचणी झाली आणि २०२३ मध्ये तिला मान्यता मिळाली, हेही लोक घन गाठीसाठी विचारत येतात. ती रक्ताच्या कर्करोगासाठी आहे.

शोधाच्या बाबतीत सीटीआरआय अमेरिकी भावंडाच्या पासंगाला पुरत नाही. समानार्थी शब्द ओळखण्यात ती कच्ची आहे, स्पेलिंग चुकलं की हात हलवत परत. आयुर्वेद, योग, फिजिओथेरपी, एमडीचे प्रबंध, सगळं एकाच पोत्यात. सुदैवाने नोंदीत ‘पोस्ट ग्रॅज्युएट थिसिस’ असा वेगळा रकाना आहे, तिथे ‘यस’ दिसलं की पुढे जावं. भरतीची स्थिती बरेचदा शिळी: ‘नॉट येट रिक्रूटिंग’ लिहिलेली चाचणी केव्हाच संपलेली असू शकते. जागतिक आणि भारतातली स्थिती असे दोन वेगळे रकाने आहेत, आपल्या कामाचा भारताचा.

पण एकदा नोंद हाती आली की सीटीआरआय भाव खाऊन जाते. प्रत्येक केंद्राचा मुख्य संशोधक, त्याचा विभाग, पत्ता, फोन, ईमेल थेट दिलेला असतो. अमेरिकी नोंदीत बहुधा कंपनीचा सामायिक नंबर असतो. त्याखाली प्रत्येक केंद्राची नीतिमत्ता समिती आणि तिची मंजुरी. आणि त्याखाली सगळ्यात महत्त्वाचा रकाना: डीसीजीआयची, म्हणजे भारताच्या औषध महानियंत्रकांची, परवानगी. बाजारात आधीपासून असलेल्या औषधाच्या शैक्षणिक चाचणीत तिथे ‘नॉट अॅप्लिकेबल’ असू शकतं. पण अजून कुठेही मान्यता नसलेल्या कणाच्या चाचणीत ‘नॉट अॅप्लिकेबल’ दिसलं तर संशोधकाला सरळ विचारावं, असं का. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि नुकसानभरपाई द्यावी लागते. संमतिपत्रात हे मराठीत वाचून दाखवायला सांगा.

युरोपातल्या चाचण्यांसाठी सीटीआयएस ही तिथली नोंदणी ३१ जानेवारी २०२२ पासून आहे, नायमेगेनसारख्या केंद्रांसाठी तिथेही डोकवावं. तिच्या शोधाला सवय व्हावी लागते, पण कागदपत्रं जास्त मिळतात.

परदेशातल्या केंद्राला ईमेल करायचा तर एक पान पुरे: वय, निदान आणि तारीख, पसरलेले अवयव, आजवरच्या औषधांची नावं आणि प्रत्येकाची सुरू-बंद तारीख, ईकॉग, आज चालू असलेल्या गोळ्या डोससह, जनुक तपासणीचा निष्कर्ष, ब्लॉक उपलब्ध आहे की नाही. विषयाच्या ओळीत एनसीटी क्रमांक. स्कॅनचे फोटो मोबाईलवर काढून पाठवू नका, सीडीवरची मूळ डायकॉम फाइल मागतील तेव्हा द्या. राहण्याचा हिशेब मात्र आधीच विचारा. पहिल्या महिन्यात बहुधा दर आठवड्याला, कधी लागोपाठ दिवशी रक्त द्यायला जावं लागतं. चाचणीचं औषध फुकट असतं, तिथलं घरभाडं आणि चाचणीशी संबंध नसलेल्या आजारपणाचं बिल फुकट नसतं.